अस्वलानं नांगरलेलं

आई एप्रिलमध्ये गेली आणि ऑगस्टच्या शेवटी आम्ही दूर उत्तरेला, युकॉनच्या डोंगरात चालत होतो. मधल्या चार महिन्यांत मी एकदाही रडले नव्हते. हे मी कौतुकानं सांगत नाही. मी मायदेशी गेले, सगळं यथासांग केलं, आईच्या साड्या मावश्यांना वाटल्या, गॅसचं कनेक्शन बंद केलं आणि परत आले. आमच्या ग्वेल्फ गावातल्या मराठी बायका आळीपाळीनं डबे घेऊन यायच्या. दारातच त्यांचे डोळे भरून यायचे, आणि मी त्यांना पाणी द्यायचे. एकीला तर मी पाठीवर थोपटलंसुद्धा. ती गेल्यावर मी तिचा डबा घासून पुसून ठेवला आणि त्यात परत काय घालून द्यावं याचा बराच वेळ विचार केला.

ट्रेक आधीच ठरलेला होता. नवऱ्याचं हे जुनं वेड. त्यानं हळूच विचारलं, "कॅन्सल करूया का?" मी म्हटलं, कशाला? घरी बसून काय करणार होते? त्याला वाटलं डोंगरात मला मोकळं वाटेल. त्याला तसं वाटलं म्हणून मला थोडा रागही आला, पण तोही धड आला नाही, आला तसा विझला.

आमची गाईड लव्हालची, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या भागातली होती. तिशीची, ठेंगणी, काटक, सहा उन्हाळे इकडे काढलेली. ती चालता चालता खायची. वाटेत झुडपं दिसली की न थांबता हात घालायची आणि मूठभर काहीतरी तोंडात टाकायची. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला तिचा नियम सांगितला. ज्याचं नाव तुम्हाला दोन भाषांत माहीत नाही, ते तोंडात घालायचं नाही. तिच्या दोन भाषा फ्रेंच आणि इंग्रजी. दुसऱ्या दिवशी तिनं खडकाच्या फटीतली गोल, जाडसर पानं तोडून दिली. मी एक चावलं आणि म्हटलं, चुका. आंबट चुका. तोच नव्हे, पण त्याचा चुलतभाऊ नक्की. ती खूश झाली, म्हणाली, आता तुला तीन भाषांत येतं. नवरा म्हणाला, "अगं, डाळ-चुका आठवला ना?" मला चव कळत होती. आंबट आहे, थोडं तुरट आहे, हे सगळं कळत होतं. फक्त कळल्यावर पुढे काही होत नव्हतं.

बेरी मात्र भरपूर होत्या. ऑगस्ट संपत आला की तिकडे उन्हाळाही आवरतं घेतो. उतार लालभडक झालेले, पहाटे तंबूवर बर्फाचा पातळ पापुद्रा, आणि गुडघ्याखालच्या झुडपांत ब्लूबेरी. दुकानातल्या टपोऱ्या नव्हेत. या बारक्या, धुरकट निळ्या आणि चवीला दुप्पट. नवरा टोपीत गोळा करायचा आणि मला द्यायचा. मी खायचे. तो माझ्या तोंडाकडे बघायचा, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

चौथ्या दिवशी ऋषीपंचमी होती.

हे त्याला माहीत नव्हतं. मी मात्र निघण्याआधी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मोजून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुठल्या तोंडानं? गेली सहा वर्षं या व्रताच्या नावानं सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला होता.

ऋषीपंचमी म्हणजे गणपती बसले की दुसरा दिवस. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, तेल नाही, फोडणी नाही. हातानं परसात लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच. अळू, माठ, भोपळा, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात शिजवायचं, तीच ऋषीची भाजी. का, तर म्हणे पाळीच्या दिवसांत कळत नकळत झालेल्या विटाळाचं प्रायश्चित्त. माझं डोकं तिथेच फिरायचं. माझ्या आईनं शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं. आमच्या घरात तिनं विटाळ कधी पाळला नाही, मला पाळू दिला नाही, आणि आजीशी त्यावरून कडाक्याची भांडली होती. आणि रिटायर झाल्यावर, साठी उलटल्यावर, कॉलनीतल्या बायकांच्या नादानं तिनं हेच व्रत धरलं. सात वर्षं करायचं आणि मग उद्यापन.

पहिल्या वर्षी मी फोनवर तिला धारेवर धरलं. म्हटलं, "आई, आता सगळं संपल्यावर प्रायश्चित्त कसलं? आणि आमच्या इथे बैलच नाहीत. सस्काटूनच्या बाजूला मैलोन् मैल गहू आहे, सगळा ट्रॅक्टरवर. म्हणजे मी पिझ्झा खाल्ला तरी तुझ्या ऋषींची हरकत नसावी."

"ट्रॅक्टर म्हणजे लोखंडाचा बैलच," आई म्हणाली. "नाही चालत."

तिथून ते सुरू झालं. दर वर्षी मी काहीतरी शोधून काढायचे आणि तिला अडचणीत टाकायला बघायचे. ती मात्र गणिताच्या बाईंसारखी शांतपणे निकाल द्यायची. ग्रीनहाऊसमध्ये पाण्यावर वाढवलेली काकडी? "मातीच नाही तर नांगर कुठला? चालेल." मेपल सिरप? "झाडाला भोक पाडून घेता ना? बैल नाही त्यात. चालेल, पण बेताबेतानं घ्या म्हणावं." फ्रोझन कणीस? "पेरलं कुणी ते आधी विचारून ये." एकदा मी चिडून म्हटलं, या सगळ्याला काही तत्त्व आहे का? तेव्हा ती म्हणाली, "बैलाला आपण जुंपतो. त्याला कुणी विचारत नाही. वर्षातून एक दिवस तरी जुंपलेल्याच्या जिवावर जेवायचं नाही, एवढंच. बाकीचं पोथीत काय लिहिलंय ते पोथीपाशी."

सहाव्या वर्षी मी तिला सरळ विचारलं, खरं सांग, तू हे का करतेस? ती हसली. म्हणाली, "वर्षभर तू रविवारी फोन करतेस. अर्धा तास, घड्याळ लावून. ऋषीपंचमीला दोनदा करतेस. एकदा भांडायला, आणि मग काहीतरी नवीन सुचलं म्हणून परत." मीही हसले. मग आम्ही तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो.

मार्चअखेर ती हॉस्पिटलमध्ये होती. फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, "यंदाचं सातवं. माझ्याच्यानं होईलसं दिसत नाही. एकच दिवस आहे. माझ्या वतीनं तू कर."

मी म्हटलं, "आई, मी असलं काही करणार नाही, तुला माहितीये. तू बरी हो आणि तूच कर."

"बरं," आई म्हणाली.

त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली. मधल्या दिवसांत आम्ही बोललो, पण व्रताचा विषय तिनं परत काढला नाही आणि मीही काढला नाही. त्यामुळे या बाबतीतलं तिचं शेवटचं बोलणं म्हणजे ते 'बरं'. रागाचं नव्हतं, रुसव्याचंही नव्हतं. पोरीनं नाही म्हटलं, तर बरं. ते माझ्याबरोबर विमानात आलं, ऑफिसात आलं, आणि आता पाठीवरच्या चौदा किलोंबरोबर डोंगरातही आलं होतं. माझी श्रद्धा-बिद्धा काही जागी झाली नव्हती. मला फक्त ते 'बरं' मागे घ्यायला लावायचं होतं, आणि ते करण्यासाठी माझ्याकडे हा एकच दिवस होता. पुढच्या वर्षी केलं असतं तर ते माझं झालं असतं, आईचं सातवं नव्हे.

तर चौथ्या दिवशी सकाळी गाईडनं नेहमीसारखी ओट्सची लापशी केली आणि वाटी माझ्या हातात दिली. ओट्स म्हणजे लोखंडी बैल. मी वाटी घेऊन झुडपांमागे गेले, जणू मला उगवता सूर्य बघत खायचं आहे. टाकून द्यायला हात होईना. अन्न टाकायचं नाही ही शिकवण हाडात मुरलेली. तिथे एक सपाट दगड होता. मी लापशीचा नीट गोळा केला, दगडावर ठेवला, बाटलीतल्या पाण्याची चूळभर धार भोवती फिरवली आणि उठले. आई रोज जेवणाआधी गच्चीच्या कठड्यावर असाच घास ठेवायची. मी आयुष्यात कधी ठेवला नव्हता. हातांना कसं माहीत होतं कोण जाणे.

मागे वळले तर गाईड उभी. तोंडात टूथब्रश, आणि तो तिनं तसाच बाहेर काढला.

"हे कुणासाठी ठेवलंस?"

मी म्हटलं, कुणासाठी नाही, सवय आहे.

"नों," ती फ्रेंचमध्येच म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण चेहरा पार बदलला होता. "इथे हे खायला एकच जण येईल. त्याला एकदा समजलं की माणसं जेवण ठेवून जातात, की तो पुढच्या माणसांच्या तंबूत जेवण शोधणार. मग त्याला गोळी घालतात. तू एका घासात एका अस्वलाला मारलंस."

तिनं मला पिशवी दिली. मी गुडघ्यांवर बसून लापशीचा कण न् कण वेचला. दगडाला चिकटलेलं नखानं खरवडलं. ती वरून बघत होती. मला लाज वाटायला हवी हे मला नीट समजत होतं. गोळाभर लापशीनं एक जीव जाऊ शकतो हे ऐकून काळजात चर्र व्हायला हवं होतं. मी आपली वेचत राहिले.

"आता दुसरी वाटी देते," ती म्हणाली.

"आज नको."

"का?"

तेवढ्यात नवरा आला. "काय झालं? ब्रेकफास्ट स्किप करू नकोस हं, आज रिव्हर क्रॉसिंग आहे."

मी त्याला मराठीत सांगितलं, "आज ऋषीपंचमी आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. सहा वर्षं माझी भाषणं त्यानं शेजारी बसून ऐकली होती. "तू? ऋषीपंचमी?" आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं. एखादा एनर्जी बार चालेल का, एवढंही त्यानं विचारलं नाही, आणि एरवी हा माणूस देवळातसुद्धा खिशात एनर्जी बार ठेवतो. त्यानं गाईडला बाजूला नेलं आणि इंग्रजीत समजावलं. मला तुटक ऐकू येत होतं. हिची आई, एप्रिलमध्ये. वर्षातून एक दिवस. शेतातलं काही नाही.

गाईड परत आली आणि माझ्यासमोर बसली. "म्हणजे नांगरलेल्या जमिनीतलं काही नाही. पण जंगलातलं चालतं?"

"चालतं."

"बों, ठीक. मग ऐक. ओढ्यापर्यंत नऊ किलोमीटर आहेत. वाटेत मिळेल ते पोटभर खा. पण ओढ्यापाशी तू मला हात दाखवायचे. पाणी बर्फाचं आहे, मांडीपर्यंत. हात थरथरत असतील तर मी देईन ते खायचं, नाहीतर मी तुला पलीकडे नेणार नाही. कबूल?"

मी कबूल केलं. तिच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं.

मग आम्ही दिवसभर खात चाललो, म्हणजे खाण्यासाठी चाललो म्हणा. ब्लूबेरी. जमिनीलगत पसरलेली काळी क्रोबेरी, जिच्यात नुसतं पाणी. लाल, करकरीत आंबट क्रॅनबेरी, जिच्यानं दात आंबले. चुक्याच्या चुलतभावाची पानं. नवऱ्यानं त्या दिवशी स्वतः एक बेरी खाल्ली नाही. टोपी भरली की आणून माझ्यापुढे धरायचा आणि परत वाकायचा. त्याची कंबर दुखते, हे मला माहीत होतं. 'पुरे, बस आता' असं म्हणायला हवं होतं, पण मी टोपी रिकामी करून त्याला परत द्यायचे. मी त्या वेळी कशी होते असं मला विचारलंत तर मी हेच सांगेन.

बेरींनी पोट भरत नाही. भरल्यासारखं वाटतं, तोंड निळं होतं आणि तासाभरात पोटात परत खड्डा पडतो. दुपारनंतर चढावर मी मागे पडायला लागले. दोनदा बसले. गाईडनं माझ्या पिशवीतलं तंबूचं कापड काढून स्वतःच्या पिशवीत घातलं. ओढ्यापाशी पोचलो तेव्हा साडेचार वाजत आले होते. पाणी राखाडी, फेसाळ, मोठ्यानं बोलल्याशिवाय एकमेकांचं ऐकू येईना.

"हात," ती म्हणाली.

मी हात पुढे केले. ते थरथरत होते. मी बोटं ताणून बघितली, श्वास रोखून बघितला. नाही थांबले.

तिनं खिशातून बार काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. ओट्स, गव्हाचे लाह्यांसारखे फुलवलेले दाणे, शेंगदाणे. अख्खं शेत होतं त्यात. नवरा म्हणाला, "खा गं. आई काही म्हणणार नाहीत." तो चांगल्या मनानं म्हणाला. पण आई काही म्हणणार नाही, हेच तर होतं. आई 'बरं' म्हणेल. मी कागद फाडायला लागले. बोटांत जोर नव्हता, तो फाटेना.

गाईड माझ्याकडे बघत होती. मग ती एकदम वळली आणि काठानं पन्नासेक पावलं वर गेली. तिथली जमीन उलथीपालथी झालेली होती. गवताचे गड्डे उपटून पडलेले, माती वर आलेली, शेतातल्या तासांसारखे लांब ओरखडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी नांगर घातलाय. तिनं वाकून मातीच्या कडा चाचपल्या, चहूबाजूंनी डोंगरावर नजर फिरवली आणि आम्हाला खूण केली.

"अस्वल जेवून गेलंय," ती म्हणाली. "पंधरा दिवस तरी झाले, माती सुकलीय. मुळं खातं ते. बरीच मागे ठेवलीत." तिनं एक रोप उपटलं, पान उलटं केलं आणि मागच्या शिरा मला दाखवल्या. याच्यासारखं दिसणारं दुसरं एक असतं, ते खायचं नाही, त्याच्या शिरा अशा दिसत नाहीत. फ्रेंचमध्ये एक नाव सांगितलं, इंग्रजीत एक. मग मूळ ओढ्यात धुतलं, चाकूनं साल खरवडली आणि एक तुकडा स्वतः आधी खाल्ला. दुसरा माझ्यापुढे धरला. पिवळट पांढरा, बोटाएवढा.

"पण ही जमीन नांगरलेलीच म्हणायची," ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. खरंच विचारत होती. "अस्वलानं नांगरलेलं तुमच्यात चालतं?"

"एक मिनिट," मी म्हटलं. "विचारून सांगते."

आणि मी जॅकेटच्या आतल्या खिशातून फोन काढला.

डोक्यात हिशोब आपोआप झाला. इथे साडेचार, म्हणजे तिकडे पहाटेचे पाच. उठलीच असेल. काल दिवसभर बिनदुधाचा चहा पिऊन कंटाळली असेल, आता चांगला आल्याचा टाकला असेल. असा प्रश्न मी सहा वर्षांत आणला नव्हता. ट्रॅक्टर, ग्रीनहाऊस, मेपल, सगळं त्यापुढे फिकं. आता अडकते की नाही बघू. मला हसू येत होतं. मी अंगठ्यानं बटण दाबलं, पडदा काळाच राहिला, परत दाबलं. चार दिवस फोन बंद होता. चालू असता तरी तिथे रेंज नव्हती. हे सगळं आधी आठवलं. बाकीचं त्यानंतर आठवलं.

नवरा दोन पावलांवर उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं.

मला आई हवी होती. दुसरं काही नाही. मला तिला हे सांगायचं होतं आणि ती काय म्हणते ते ऐकायचं होतं, आणि एप्रिलपासून पहिल्यांदाच मला समजलं की ते होणार नाही. माझ्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. ओढ्याच्या आवाजात तो कुणाला ऐकू गेला नसावा.

गाईड अजून तुकडा पुढे धरून उभी होती. तिनं परत विचारलं, जरा मोठ्यानं, "चालतं?"

"त्याला कुणी जुंपलं नव्हतं," मी म्हटलं. मराठीतच. "स्वतःच्या पोटासाठी उकरलं त्यानं. चालेल."

तिला शब्द कळले नाहीत, पण निकाल कळला. मी तुकडा घेतला आणि खाल्ला. गोड होता, ओल्या शेंगेसारखा, थोडी माती दातांखाली आली. ती सोलत गेली आणि मी खात गेले. नाक गळत होतं, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली पडत होतं. कडू आहे का, असं तिनं विचारलं. मी मानेनं नाही म्हटलं. सहासात मुळं खाल्ल्यावर तिनं माझे हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, ठीक आहे, जाऊ शकतेस.

न फाटलेला बार मी तिला परत दिला. फोन मात्र तसाच मुठीत होता. पाण्यात उतरायला दोन्ही हातांत काठ्या लागतात. नवऱ्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, फोन त्याच्या कोरड्या मोज्यात गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवला.